जपून ठेवलेला गारवा

आमच्या धंद्यात आजाराचं निदान गिऱ्हाईक घरूनच करून आणतं. गाडी दुकानासमोर लागते, काच खाली येते आणि आतून आवाज येतो, "गॅस संपलाय, तेवढा भरून द्या." मी अजून खुर्चीतून उठलेलोही नसतो. आत वकील असो, मास्तर असो की ग्रामपंचायतीचा सदस्य, निदानात फरक नाही. पेणच्या एका डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे कोणी आला आणि म्हणाला, रक्त संपलंय, तेवढं भरा, तर तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "आधी कुठून वाहतंय ते बघतो." मला बरं वाटलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "ते असू दे. गॅसचे किती घेता?"

पेणजवळ गडब गावात हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी पुतण्याला बघतो, म्हणजे रिटायर झालो असं म्हणायला हरकत नाही. दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, तुमच्या आयुष्यातली वळणं लिहा. माझं आयुष्य एकाच रस्त्याच्या कडेला गेलं. त्यात जी काही वळणं आली ती रस्त्याचं काम करणाऱ्यांनी पिंपं लावून आणली, आणि पुढच्या महिन्यात ती दुसरीकडे हलवली. तेव्हा वळणं सोडून कॉम्प्रेसरबद्दल लिहितो, कारण माझं घर त्याच्यावर चाललं.

ज्यांनी आयुष्यात फक्त बटण दाबलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. तो गॅस दाबून पुढे ढकलतो. गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे गॅस आपली उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डच्या मागे येऊन गार होतो. मग पंखा त्याच्यावरची हवा तुमच्या तोंडावर मारतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. तो कमी झाला, तर कुठून तरी निसटला. त्याच्याबरोबर नळ्यांतून थोडं तेल फिरतं आणि तेच तेल कॉम्प्रेसरला ओलं ठेवतं. एसी चालला तरच ते फिरतं. महिनोन् महिने एसी बंद ठेवलात तर आतलं सील सुकतं, गॅस आणि तेल हळूहळू बाहेर जातं, आणि एखाद्या दिवशी हौसेनं बटण दाबलंत की कोरडा कॉम्प्रेसर घरघरतो आणि जाम होतो. जाम होताना आतली धातूची भुकटी सगळीकडे पसरते. त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. नळ्या धुवाव्या लागतात, ओलावा टिपणारा ड्रायर बदलावा लागतो, बऱ्याचदा कंडेन्सरही. तसं नाही केलं तर जुन्याची भुकटी नव्याला खाते. इथपर्यंत सांगितलं की गिऱ्हाईक विचारतं, "म्हणजे गॅस भरून नाही का भागणार?"

या धंद्यात माझे दोन भागीदार होते. एक धरमतरच्या खाडीवरून येणारा खारा वारा, दुसरी हायवेची धूळ. वारा कंडेन्सर कुरतडायचा आणि धूळ तो बुजवायची. दोघांनी इमानाने काम केलं आणि कधी वाटा मागितला नाही. रस्ता एकदाचा पूर्ण होणार अशी बातमी पेपरात आली की मी गल्ला मोजायला बसायचो. बायको म्हणायची, घाबरू नका, ही बातमी आपल्या लग्नानंतर लगेच पण आली होती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती न्यायला लांबून माणसं येतात. एकदा एक गृहस्थ बायकोच्या मांडीवर मूर्ती देऊन निघाले आणि कुठल्या कुठे रस्ता चुकून उलटे माझ्याकडे गडबला पोचले. एसी बंद पडलेला. म्हणाले, "आमचं जाऊ द्या हो, बाप्पांना उकडतंय." बाप्पांच्या तोंडावर रुमाल होता, त्यामुळे त्यांचं मत कळलं नाही. बाईंच्या तोंडावर रुमाल नव्हता. त्यांचं मत स्वच्छ दिसत होतं. रोह्याच्या एका कारखान्यातले साहेब होते, त्यांना प्रत्येक कामाची तीन दुकानांची कोटेशनं लागायची. हायवेला एसीचं दुकान माझं एकटं. मग बाकीची दोन कोटेशनं मीच वेगवेगळ्या अक्षरात लिहून द्यायचो, आणि साहेब ती समोर मांडून गंभीरपणे मला निवडायचे.

पण वारा आणि धूळ यांनी मिळून मारले नसतील इतके कॉम्प्रेसर आमच्या माणसांच्या जपणुकीनं मारले. नवी गाडी आली की सीटवरचं प्लास्टिक निघत नाही. एसी असतो, पण तो पाहुण्यांसाठी. गावात शिरताना काचा वर घेऊन लावायचा, शेवटचं घर मागे पडलं की बंद करायचा. घरातल्या माणसांनी काचा उघड्या टाकून धूळ खायची आणि वर म्हणायचं, "आपल्याला काय गरज, आपल्याला सवय हाय."

या पंथाचे मोठे महाराज म्हणजे उस्मानचाचा.

चाचा कासूच्या पलीकडच्या गावचे. भाताचा व्यापार करत, आता थकले होते. मुलगा नासीर आखातात, तिकडच्या विमानतळावर नोकरीला. आत बसून काम आहे, थंडगार इमारत आहे, असं चाचा अख्ख्या बाजाराला सांगत. चाचींना दमा. पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धुळीपासून लांब राहा. आमच्या भागात राहून धुळीपासून लांब राहायचं म्हणजे मिठागरात राहून मिठापासून लांब राहण्यासारखंच. तरी नासीरनं त्यावर उपाय काढला. त्यानं घरी एसीची गाडी घेऊन दिली, ड्रायव्हिंग चाचांना येत होतंच, आणि ताकीद दिली की अम्मीला पनवेलला न्यायचं ते काचा बंद करून, एसी लावून.

चाचांनी गाडी घेतली. ताकीद मात्र सीटवरच्या प्लास्टिकखाली ठेवून दिली.

मला हे कळलं ते एका मे महिन्यात. शुक्रवारची दुपार होती. हॉर्न वाजत नाही म्हणून दोघं दुकानात आली होती. मी वायर शोधतोय तेवढ्यात चाचांचा फोन वाजला. ते म्हणाले, "थांब दत्ता, नासीरचा व्हिडिओ हाय." मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. चाचा गाडीत बसले. चाची शेजारी बसल्या. काचा वर गेल्या. चाचांनी मागच्या सीटवरून घडी केलेली लोकरीची शाल घेतली, कानापर्यंत गुंडाळली आणि फोन समोर धरला. आतून आवाज आला, "बरा हाय रे बाबा, पन थंडी किती वाजते ह्या गाडीत! कमी करू काय?" चाची समोर बघत ताठ बसल्या होत्या, फोटो काढताना बसतात तशा.

फोन संपला, दार उघडलं. चाचा खाडीतून बाहेर आल्यासारखे निथळत होते.

"चाचा," मी म्हटलं, "एसी लावला असतात तर निदान शाल धुवायला लागली नसती."

"शाल घरची हाय. पेट्रोल इकत घ्यावा लागतो."

"आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तरी लावा हो. नाही वापरला तर कॉम्प्रेसर जाम होईल."

ते हसले. "दत्ता, वस्तू वापरल्यानं खराब होते एवढा मला कलतो. न वापरता खराब होते हा तुमच्या मेकॅनिक लोकांनी काढलेला शोध."

चाची ओढणीनं कपाळ पुसत म्हणाल्या, "ह्यांना काय सांगतोस तू. लग्नातली सुटकेस अजून कोरी ठेवलेली हाय. खराब होईल म्हनून आमी कुठं गेलोच नाय."

"तू गप गो," चाचा म्हणाले आणि नवा हॉर्न दोनदा वाजवून निघून गेले. काचा उघड्याच होत्या. चाचींनी ओढणी नाकावर धरली होती. पुढे एक डंपर चालला होता आणि गाडी त्याच्या धुळीत शिरली.

पुढच्या वर्षी नासीर सुट्टीवर यायचा होता. गाडी घेऊन दिल्यापासून पहिल्यांदाच येत होता. त्या सकाळी चाचा-चाची त्याला आणायला विमानतळाकडे निघाले, माझ्या दुकानावरून जाताना चाचांनी हात केला. नवा पांढरा सदरा, अत्तर, गाडी पुसून लख्ख. थोड्या वेळाने फोन आला.

"दत्ता, पेणच्या अलीकडं हाय. गाडीतून धूर येतो. रबर जलल्याचा वास येतो."

"चाचा, एसी लावलात का?"

हळूच उत्तर आलं, "व्हय. आत्ताच लावला. वडखल सोडल्यावर."

मी जाऊन टोचन लावून गाडी दुकानात आणली. कॉम्प्रेसर दगड झाला होता. त्या गाडीत एकाच पट्ट्यावर सगळं फिरतं, कॉम्प्रेसर अडकला की पट्टा घासून जळतो, आणि पट्टा गेला की गाडीही गेली. चाचींना मी टेबलफॅनसमोर खुर्ची दिली. त्यांची छाती भरून आली होती, औषधाचा पंप ओढत होत्या. नासीरला फोन करून कळवलं, तो म्हणाला टॅक्सी करून थेट दुकानातच येतो.

मी बाकीचं तपासायला घेतलं. पायांशी सामानाचा कप्पा असतो, त्याच्या मागे केबिनचा फिल्टर असतो. बाहेरची हवा पंख्यातून आत येताना त्याच्यातून गाळून येते. आमच्या रस्त्यावर एका उन्हाळ्यानंतर तो चुलीतून काढल्यासारखा निघतो. मी कप्पा उघडला, फिल्टर ओढला आणि बघतच राहिलो. चार वर्षांची गाडी आणि फिल्टर पांढराशुभ्र, दुकानातून आणल्यासारखा. म्हणजे एसी सोडाच, आतला साधा पंखासुद्धा चार वर्षांत फिरला नव्हता.

चाचा माझ्या मागे उभे होते.

"दत्ता, तो ठेव कुठंतरी."

"आणि नासीरला काय सांगू?"

"सांग, कंपनीचा माल खराब निघाला."

"चाचा, मी तसं नाही सांगणार."

"मग काय पन सांगू नको. बाप हाय मी त्याचा. त्यानं दर शुक्रवारी इचारला आनि मी दर शुक्रवारी शाल घेतली." त्यांनी माझा दंड धरला. भाताच्या गोण्या उचललेला हात होता, सोडेना.

मी फिल्टर टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. टाकल्यावर मला कळलं मी काय करून बसलोय. गाडी नवी, कॉम्प्रेसर मेलेला, बिल वीस-बावीस हजारांच्या घरात जाणार, आणि कारण सांगायचं नाही. हायवेवर मेकॅनिकची अब्रू म्हणजे काय असते? दुकान बदललं तर पाटी नेता येते, नाव नेता येत नाही. त्या खणात चाचांची अब्रू होती, आणि तो बंद राहिला तर माझी जाणार होती.

टॅक्सी आली. नासीर उतरला. सुती दोऱ्यांनी बांधलेली खोकी, दोन मोठ्या बॅगा, चॉकलेटचा वास. त्यानं वडलांना सलाम केला, आईला मिठी मारली, तिची छाती वाजत होती ती ऐकून त्याचा चेहरा बदलला. मग तो बॉनेटपाशी आला.

"काय झालं, दत्ताकाका?"

"कॉम्प्रेसर जाम झालाय. बदलावा लागेल. पट्टा, ड्रायर, आणि कंडेन्सरमध्ये भुकटी गेली असणार, तोही."

"चार वर्षांत?"

"हो."

"का?"

मी चाचांकडे बघितलं. चाचा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, मागच्या वर्षीचं.

"होतं कधी कधी," मी म्हटलं. एवढं पोचट वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

नासीरनं फोन काढला आणि तिकडच्या गॅरेजमधल्या एका मित्राला व्हिडिओ लावला. हल्ली हे एक नवीनच निघालंय. पूर्वी गिऱ्हाईक एकटं भांडायचं, आता सोबत समुद्रापलीकडचा वकील घेऊन येतं. मित्रानं माझ्या दुकानाचं छप्पर, पुतण्याची चड्डी आणि अर्धं इंजिन बघून निकाल दिला, "चार वर्षांत कॉम्प्रेसर? इकडे एसी चोवीस तास चालतो, दहा वर्षं काही होत नाही. तुला मामा बनवतायत."

खरं तर तो बरोबरच बोलत होता. चोवीस तास चालतो म्हणूनच काही होत नाही.

शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं हातात ग्लास घेऊन पुढे आली. आमच्याकडे भांडण असलं की चहा जास्त खपतो. नासीर म्हणाला, "काका, तुमच्यावर विश्वास ठेवून अब्बा गाडी इकडे आणतात. घरात दोन म्हातारी माणसं, मुलगा बाहेर, पैसे बाहेरून येतात, हे बघून तुम्ही बिल लावता. गाडी मी पनवेलला नेतो."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. ज्या माणसाच्या गाडीचा हॉर्न मी फुकट बसवून दिला होता, त्याचा मुलगा मला चार लोकांत चोर म्हणत होता, आणि तो माणूस कॅलेंडर वाचत होता. माझा हात खणाच्या कडीवर गेला. तिथेच राहिला. उघडवेना.

"नासीर, आवाज खाली कर," चाची म्हणाल्या. धाप लागली होती, पण आवाज स्पष्ट होता. "दत्ता, खन उघड."

"कसला खण, चाची?"

"मघाशी पांढरा काय तरी ठेवलास तो. मी छातीनं आजारी हाय, डोल्यानं आंधली नाय."

मी तरी हललो नाही. तेव्हा चाचा कॅलेंडरकडून वळले. मला बाजूला सारून त्यांनी स्वतः खण उघडला, फिल्टर काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"हा बग. ही गाडी घेतली तेव्हापासून मी एसी लावला नाय. दत्तानं सांगितलेला, लावा, नायतर जाम होईल. मी ऐकला नाय. त्याची काय चूक नाय."

नासीर फिल्टरकडे बघत राहिला. "मग ती शाल?"

"घाम टिपायला बरी पडायची."

टपरीवाले हसले. नासीर हसला नाही. "अब्बा, पेट्रोलचे पैसे मी वेगळे पाठवत होतो. कंजूषपणाला काही हद्द?"

चाचांनी आधी टपरीवाल्यांकडे बघितलं, मग बहुतेक त्यांनी ठरवलं की आता काय राहिलंय.

"आपल्या गावचा सत्तार तिकडून आला ना," ते म्हणाले, "इमानतलावर त्याचा इमान उभा व्हता. खिडकीतून त्यानं तुला पायला. उन्हात. तोंडाला फडका बांधून गाडीवरनं पेट्या उचलून इमानात टाकत व्हतास. त्यानं काच वाजवली. तुला काय ऐकू येनार. तू मला सांगितलेलास, आत बसून काम हाय."

फोन नासीरच्या हातात तसाच होता, मित्र त्यात अजून दिसत होता.

"त्या आधी मी पेट्रोलसाठीच नाय लावला, खोटा कशाला बोलू. पन त्यानंतर बटनावर बोट ठेवला की मला जमायचाच नाय. म्हटला, त्याच्या पैशाचा गारवा हाय. असू दे तसाच. नासीर आला की त्यालाच लावू. आज सकाली म्हटला, तू गाडीत बसशील तेव्हा गाडी आधीच गार झालेली पायजे. म्हनून वडखलला लावला."

मी एसीचा माणूस, मला तिथे म्हणायला हवं होतं की चाचा, गारवा साठवून राहत नाही, तो ठेवल्या जागी हळूहळू निसटून जातो. त्याऐवजी मी बॉनेटखाली वाकलो आणि घट्ट असलेला एक नट उगीचच आणखी घट्ट केला.

तेवढ्यात फोनमधून मित्रानं विचारलं, "काय रे, पकडलास का चोर?" नासीरनं फोन बंद केला.

मग त्यानं विचारलं, "काका, कॉम्प्रेसर कधी मिळेल?"

"मुंबईहून उद्या येईल."

"कंडेन्सर पण बदला. ड्रायर पण. नळ्या नीट धुवा." मग खोकं फोडून त्यानं टपरीवरच्या सगळ्यांना चॉकलेट वाटलं. माफी बिफी मागितली नाही. आमच्याकडे माफी तोंडानं मागायची पद्धत नाही. चहा पाजतात आणि भाव करत नाहीत. नासीरनं चहा पाजला. भाव मात्र केला, तोही दणकून. मी पट्ट्याचे पैसे सोडले तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

सुट्टीभर तो आईला घेऊन पनवेलला गेला, अलिबागला गेला, काचा बंद करून. जाताना बापलेकांत करार झाला. शुक्रवारी फोन आला की चाचांनी शाल न घेता डॅशबोर्डवरची एसीची जाळी दाखवायची, तिच्यावर बांधलेली रिबीन उडताना दिसली पाहिजे. आणि नासीरनं जिथे उभा असेल तिथलं खरं खरं दाखवायचं, ऊन असेल तर ऊन. हे मला चाचांनीच सांगितलं. रिबीन माझ्याकडून घेतली होती, त्यामुळे करारात मीही थोडा आहे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दोघं सर्व्हिसला आली. मी तोवर काम सोडलं होतं, पण चाचांच्या गाडीला पुतण्याला हात लावू दिला नाही. कप्पा उघडला, फिल्टर ओढला. काळा. कडेला मातीचा थर, मध्ये कसली तरी पानं. वाजवला तेव्हा लाद्यांवर ढिगारा झाला.

चाचांना इतका आनंद झालेला मी क्वचित बघितला असेल. त्यांनी फिल्टर उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, फोटो काढला, नासीरला पाठवला. नवा बसवून झाल्यावर मी जुना कचऱ्यात टाकायला उचलला तर माझ्या हातातून काढून घेतला.

"चाचा, घाण आहे ती."

"तुला काय कलतंय. नासीर आला की दाखवायचा हाय. फोटोत तेवढा काला दिसत नाय." आणि वर्तमानपत्र मागून ते फिल्टर व्यवस्थित गुंडाळू लागले. जपणूक माणसाच्या अंगातून जात नाही, फक्त जिन्नस बदलतो.

चाची खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांची तब्येत आधीपेक्षा बरी होती, पण छाती अजून वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, जेवढं जायचं तेवढं आत गेलं, आता वाढू देऊ नका. त्यांनी हात पुढे केला. चाचांनी पुडकं दिलं. त्यांनी कागद उघडून काळ्या फिल्टरवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.

"ही एवढी एका वर्साची?" त्यांनी मला विचारलं.

"हो, चाची."

"आनि तो आधीचा, चार वर्सांचा, तो पांढरा व्हता."

"एकदम पांढरा," मी म्हटलं.

"पांढराच राहनार," चाची म्हणाल्या. "तेव्हा धूल गालायला मी व्हते ना."

त्या रागानं बोलल्या नाहीत. बाजारभाव सांगावा तसं बोलल्या. पुडकं त्यांनी परत चाचांच्या हातात दिलं आणि ओढणीला बोट पुसलं.

चाचा ते पुडकं धरून उभे राहिले. मग त्यांनी ते माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. गाडीत जाऊन एकट्यानंच इंजिन चालू केलं, काचा वर घेतल्या, एसी लावला, आणि आत गार होईपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिले. मग चाचींच्या बाजूचं दार उघडून धरलं.